पटावरून ताटावर

ओळख

ऑनलाइन बुद्धिबळातली ओळख मोठी विचित्र. समोरच्याचं खरं नाव ठाऊक नसतं, पण हरायला आला की तो भराभर चाली करतो की घड्याळ संपेपर्यंत रुसून बसतो, हे पक्कं ठाऊक असतं. वजीर गेल्यावरही डाव न सोडणारा, सारखी बरोबरी मागणारा, हरल्यावर आधी 'छान खेळलात' लिहिणारा, असे सगळे स्वभाव कळलेले असतात. तो बाई आहे की बुवा, तिशीतला की सत्तरीतला, यातलं काहीच कळलेलं नसतं. डावानंतर दोन ओळी लिहिल्या जातात, त्याच्या दहा होतात, मग त्यात मुलांच्या परीक्षा आणि आईचे गुडघे येतात. आणि कधीतरी कुणीतरी लिहितं, 'आमच्या गावी आलात तर जेवायला भेटू.'

परदेशी जाताना मी अशा भेटीसाठी एक वेळचं जेवण मोकळं ठेवते. त्या जेवणांची ही टिपणं.

हळद६४

हे माझं पटावरचं नाव. हळद सांगलीची, चौसष्ट घरं पटाची. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीला बुद्धिबळाचं जे वेड लावलं, त्याच्या झळा आमच्या घरापर्यंत पोचल्या होत्या. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघायला वडील मला नेत. या नावावरून मी बाई आहे हे कुणाला ओळखता येत नाही. भेटायचं ठरलं की मी ते आधीच सांगून टाकते. बहुतेकांचं उत्तर येतं, 'हो का? बरं. तिखट चालतं का?' म्हणजे माणूस ठीक आहे.

जेवणच का

नुसतं भेटायचं ठरवलं, तर नमस्कार-चमत्कार झाल्यावर हातांचं काय करायचं, हा प्रश्न पडतो. जेवताना हातांना काम असतं आणि तोंडात घास असताना गप्प बसणं हा सभ्यपणा ठरतो. पण मला खरं कारण वेगळंच वाटतं. अनोळखी माणसांनी एकत्र कसं बसायचं, आधी कुणी बोलायचं, पैसे कुणी द्यायचे आणि उठायचं कधी, हे प्रत्येक गावानं पूर्वीच ठरवून ठेवलेलं असतं. आपण फक्त त्या रीतीत जाऊन बसायचं. संकोच आवरायचं काम ती रीत करते.

तोक्यो: कुत्र्यापाशी

जपानात ऑनलाइन मित्रांनी प्रत्यक्ष जमण्याला 'ऑफकाइ' म्हणतात. त्याचं तंत्र ठरलेलं आहे. एक जण 'कांजी' होतो. जागा राखणं, वेळ कळवणं, माणशी किती येन ते सांगणं आणि गोळा करणं, हे सगळं त्याच्याकडे.

भेटायची जागा शिबुया स्टेशनाबाहेरचा हाचिकोचा पुतळा. तोक्यो विद्यापीठातले प्राध्यापक उएनो १९२५ मध्ये अचानक गेले आणि त्यांचा कुत्रा हाचिको १९३५ मध्ये मरेपर्यंत स्टेशनावर त्यांची वाट बघत राहिला. पुतळा तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये बसवला होता. युद्धात तो वितळवला गेला, १९४८ मध्ये नवा झाला. गोष्ट डोळ्यांत पाणी आणणारी आहे. अडचण इतकीच, की अर्धं तोक्यो तिथंच भेटायचं ठरवतं. न पाहिलेलं माणूस त्या गर्दीत शोधायचं कसं? आमच्या कांजीनं छत्रीच्या टोकाला बुद्धिबळातला कागदी घोडा लावला होता.

खरी नावं कुणी विचारली नाहीत. छातीवर पटावरच्या नावांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि संध्याकाळभर मी 'हळद-सान' झाले. आपल्याकडे असं जमलं असतं, तर पाच मिनिटांत आडनाव, गाव आणि 'म्हणजे मिरजेचे ते तुमचे कोण?' इथवर आलो असतो.

तोक्यो: रीत

इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यात, बसल्याबरोबर हात पुसायला ओला रुमाल येतो. मग पेयं येतात. सगळ्यांचे पेले भरून 'कांपाइ' म्हणेपर्यंत कुणी घोट घेत नाही. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. लाजऱ्या माणसासाठी यासारखी सोय नाही. बोलायला विषय नसला तरी शेजाऱ्याचा पेला रिकामा झालाय का, हे बघत राहायचं. मी दारू पीत नाही. माझ्या पेल्यात ऊलोंग चहा होता, तोही दर वेळी दुसऱ्या कुणीतरीच भरला.

शाकाहारी माणसाची मात्र तिथे परीक्षा असते. मासा दिसत नसला तरी 'दाशी'त असतो. सुकवलेल्या बोनितो माशाचं ते पाणी सूपपासून टोफूवरच्या रसापर्यंत सगळीकडे जातं. प्रत्येक पदार्थ आला की पाच बुद्धिबळपटू वेटरशी खलबत करायचे आणि मग माझ्याकडे वळून मान हलवायचे, होकारार्थी किंवा नकारार्थी. उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, लोणची आणि भाजलेले भाताचे गोळे यांवर माझी संध्याकाळ पार पडली. पण माझ्या जेवणाची पंचाईत सोडवता सोडवता त्यांचा संकोच गेला, हेही खरं.

जपानात आपल्या बुद्धिबळापेक्षा शोगी हे त्यांचं बुद्धिबळ कितीतरी मोठं आहे. त्यात मारलेला मोहरा आपल्या बाजूनं पुन्हा पटावर उतरवता येतो. शोगीतले दिग्गज योशिहारू हाबू हे आपल्या बुद्धिबळातही देशातल्या अव्वल खेळाडूंत गणले गेले. त्यांचं नाव निघालं आणि तोवर मान खाली घालून बसलेला एक जण अर्धा तास एकटा बोलला. त्याच्या डावांवरून मी त्याला आक्रमक समजत होते.

शेवटची गाडी

तोक्योतलं जेवण कुणीही 'आता निघू या' म्हणून संपवत नाही. ते शेवटची गाडी संपवते. मध्यरात्रीच्या सुमाराला स्टेशनं बंद व्हायला लागतात. कांजी घड्याळ बघतो, पैसे भागतो आणि सगळे उठतात. निरोपाचं अवघड काम रेल्वे करते. कर्जत-कसारावाल्यांना हे समजावून सांगायला नको.

हिशोब टीटीएमएम, पण मोजूनमापून नाही. एकूण बिलाला माणसांनी भागायचं. दारू न पिणाऱ्यांना कांजीनं थोडं कमी सांगितलं. टिप नाही.

न मागता आलेलं

इझाकायात बसलं की न मागता एक छोटी वाटी पुढ्यात येते, 'ओतोशी'. ती परत करायची पद्धत नाही आणि तिचे पैसे बिलात लागतात. जागेचं भाडं म्हणायचं. लिस्बनमध्येही टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. तिथं मात्र हात लावला तरच पैसे, नको असेल तर उचलायला सांगायचं. नवख्या माणसाला दोन्हीकडे हे यजमानाचं आतिथ्य वाटतं. ऑनलाइन मित्राचा उपयोग अशा वेळी होतो. तो टेबलाखालून पायानं ढोसतो.

लिस्बनच्या साध्या कॉफीच्या दुकानांतल्या काचेच्या कपाटात 'शामुसा' असतो. आपलाच समोसा, गोव्याच्या आणि मोझांबिकच्या वाटेनं गेलेला. तिथल्या माझ्या मित्राला तो पोर्तुगीज पदार्थ वाटत होता. मी वाद घातला नाही. बटाटा आणि मिरची आपल्याकडे कुणी आणली, हे त्यानं लगेच विचारलं असतं.

आवाज

लिहिताना हजरजबाबी असणारी माणसं टेबलाशी मुकी होतात, हे वारंवार पाहिलं. पडद्यावर वाक्य खोडता येतं, थांबून विचार करता येतो. टेबलावर तुमचं वाक्य सुचेपर्यंत विषय सूपवरून भातावर गेलेला असतो. त्यात सगळे इंग्रजीत बोलतात आणि इंग्रजी टेबलावरच्या एकाचीही घरची नसते. उलट एकेका शब्दात उत्तरं देणारा बर्लिनचा मित्र प्रत्यक्षात नळ सोडल्यासारखा बोलला. त्याला फोनवर टाइप करायचा कंटाळा होता, इतकंच. मी त्याला वर्षानुवर्षं तुसडा समजले होते.

बर्लिन

सातला म्हणजे सातला. सातला पाच कमी असताना सगळे दाराशी उभे. पेले भिडवताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, पेल्यांकडे नाही. जेवण झालं की वेटर विचारतो, एकत्र की वेगवेगळं? वेगवेगळं म्हटलं की तो प्रत्येकापाशी उभा राहून त्यानं काय घेतलं, याची बेरीज करतो. आपण टिपसकट आकडा मोठ्यानं सांगायचा. 'अहो राहू द्या, मी देते' हा आपला खेळ तिथे खेळायला जागाच नाही. पहिल्यांदा कोरडं वाटलं. नंतर जाणवलं की कुणाचं कुणावर काही उरलं नाही, म्हणून पुढच्या वेळी बोलावणं सोपं जातं.

अदिस अबाबा: किती वाजता?

मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान जातं. वेळ मात्र थेट जात नाही. इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. संध्याकाळी सातलाही पुन्हा एक. त्यांच्या वर्षाला तेरा महिने असतात आणि सनही आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षं मागे. नव्या सहस्रकाचा सोहळा त्यांनी २००७ च्या सप्टेंबरात केला.

मित्रानं लिहिलं, 'शुक्रवारी एक वाजता.' मी विचारलं, 'कुठला एक?' तर त्यानं हसऱ्या तोंडांची रांग पाठवली आणि लिहिलं, 'हा प्रश्न आमच्यातही विचारतात.' ठरलं ते रात्रीच्या जेवणाचं. तो मोठ्या बहिणीला घेऊन आला. ती माझ्या सोबतीला होती की त्याच्या, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही असावं.

अदिस: उपास

शुक्रवार मुद्दाम निवडलेला होता. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. मांस नाही, अंडी नाहीत, दूध-तूपही नाही. म्हणजे शाकाहारी पाहुणीसाठी आठवड्यातला सगळ्यात सुखाचा दिवस. मोठ्या परातीएवढ्या ताटात इंजेरा अंथरलेला आणि त्यावर मसूर, पालेभाजी, कोबी-बटाटा, बीट यांचे ढीग.

मी त्यांना आमच्या उपासाचं सांगितलं. दूध, दही, तूप, साबुदाणा, शेंगदाणे चालतात, पण डाळ चालत नाही. बहीण विचारात पडली. 'म्हणजे आम्ही उपासाला जे खातो, ते खाल्लं की तुमचा मोडतो, आणि तुमचं खाल्लं तर आमचा.' दोघांच्याही देवांना चालेल असं काय, ते शोधू लागलो. भाजलेल्या शेंगदाण्यांवर एकमत झालं.

अदिस: पिठलं

इंजेरा टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याच्या पिठाचा. पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि मोठ्या तव्यावर एकाच बाजूनं भाजतात. वर जाळी पडते, चव आंबट. आंबोळी खाल्लेल्या जिभेला परकेपणा वाटत नाही. आणि 'शिरो' आलं तेव्हा मी हात थांबवून बघतच राहिले. हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, लाल तिखट. पिठलंच. बर्बरे मसाल्याचा वास वेगळा, पण सांगलीत कुणाच्याही ताटात वाढलं तर तो दुसऱ्यांदा मागेल.

मित्रानं विचारलं, 'आवडलं?' मी म्हटलं, 'हे आमच्याकडे घरात काही नसलं की करतात.' तो म्हणाला, 'आमच्याकडेही.' आमच्या डावांच्या गप्पांपेक्षा या एका वाक्यानं मैत्री जास्त पुढे सरकली.

अदिस: घास

तिथे सगळे एकाच ताटात जेवतात. आधी पाणी आणि तस्त फिरवून हात धुऊन घेतात, जेवतात उजव्या हातानं. माझ्यात आजीचा संस्कार अजून जिवंत आहे. उष्टं म्हणजे उष्टं. पण आमच्याच भाषेत 'एका ताटात जेवणारे' याच्याइतकी घट्ट मैत्रीची दुसरी खूण नाही. आजीला या दोन गोष्टी एकत्र कशा चालत होत्या, याचा विचार मी अदिसमध्ये पहिल्यांदा केला.

तेवढ्यात बहिणीनं इंजेराच्या तुकड्यात शिरो आणि पालेभाजी गुंडाळली आणि थेट माझ्या तोंडापाशी आणली. याला 'गुर्शा' म्हणतात. मानानं आणि मायेनं भरवलेला घास. घास जितका मोठा तितकी माया मोठी, त्यामुळे तोंड पूर्ण उघडण्यावाचून इलाज नसतो. गालफाडं भरलेल्या माणसाला परका राहता येत नाही. नंतर मी तिला भरवला. आमच्याकडे हे लग्नात नवरा-नवरी करतात, नाव घेऊन. माझ्याकडे उखाणा नव्हता, ती तेवढी सुटली.

शेवटी कॉफी. हिरव्या बिया समोर भाजतात, धूर सगळ्यांपुढे फिरवतात, मग कुटतात. तीन वेळा कॉफी होते, अबोल, तोना आणि बरका. तिसऱ्या पेल्याआधी उठणं बरं दिसत नाही. तोक्योत गाडी माणसांना उठवते, इथं कॉफी बसवून ठेवते.

सिंगापूर

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली डझनावारी टपऱ्या. रस्त्यावरचे विक्रेते सत्तरीच्या दशकात आणि त्यानंतर सरकारनं अशा केंद्रांत आणून बसवले. २०२० मध्ये ही हॉकर संस्कृती युनेस्कोच्या यादीत गेली. टेबल धरायचं तर त्यावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवायचं आणि रांगेत जायचं. पाकिटाला कुणी हात लावत नाही. आपल्या एसटीत खिडकीतून टाकलेल्या रुमालाचीच ही बहीण, फक्त हिच्यावरून भांडणं होत नाहीत.

आमच्या टेबलावर एक मलाय, एक चिनी, एक तमिळ आणि मी. एकाला हलाल हवं, एकाला डुकराचं मांस, एक गोमांस खात नाही, मी यातलं काहीच खात नाही. एका हॉटेलात हे अशक्य होतं. इथे प्रत्येकानं आपापल्या टपरीवरून आपलं आणलं आणि चौघं एकत्र जेवलो. आमच्या शाळेतल्या अंगतपंगतीसारखं, फक्त डबे घरून आलेले नव्हते. दर पाच मिनिटांनी कुणीतरी काहीतरी आणायला उठतो, त्यामुळे अवघडलेली शांतता साचत नाही. पहिल्या भेटीला याहून चांगली जागा मला माहीत नाही. नको वाटलं तर वीस मिनिटांत संपते, बरं वाटलं तर पुढची कॉफी आहेच. जेवण झाल्यावर ट्रे उचलून ठेवायचा. २०२१ पासून ती सक्ती आहे.

काळजी

पहिली भेट गर्दीच्या ठिकाणी, शक्यतो दुपारी. उतरलेल्या हॉटेलचं नाव सांगत नाही. जागेचा पत्ता मुलीकडे असतो. ठरलेल्या वेळी तिचा फोन येतो आणि ती विचारते, 'आजीची गोळी कुठे ठेवलीस?' मी 'फ्रिजवर' म्हटलं तर सगळं ठीक. दुसरं काहीही म्हटलं तर तिनं काय करायचं, तेही ठरलेलं आहे. आजवर गोळी फ्रिजवरच राहिली. मात्र ही व्यवस्था मी समोरच्याला हसत हसत सांगून टाकते. चांगल्या माणसाला तिचा राग येत नाही.

फोटो विचारून. टाकायचा असेल तर पुन्हा विचारून. काहींना पटावरचं नाव आणि चेहरा एकत्र नको असतो.

न भेटलेला

एका मित्राच्या गावी जाऊन आले, पण तो आला नाही. 'तुमच्याशी खेळतो तसं मला कुणाशी समोर बसून बोलता येत नाही, राग मानू नका,' असं त्यानं आधीच कळवलं होतं. त्या रात्री आम्ही नेहमीसारखे खेळलो, त्याच्या घरापासून फार तर काही मैलांवरून. त्यानं मला हरवलं. ही मैत्री दुय्यम आहे असं मला वाटत नाही.

भेट

न्यायचं काय? सांगलीची भडंग हलकी, टिकाऊ आणि शाकाहारी. तासगावचे बेदाणेही नेते. ऑस्ट्रेलियासारख्या देशात खाण्याचं सगळं विमानतळावर जाहीर करावं लागतं, तिथे पुस्तक किंवा कापड बरं. जपानी माणूस भेट दोन्ही हातांनी घेतो आणि बहुधा समोर उघडत नाही. अदिसमध्ये पाकीट तिथल्या तिथे फुटलं आणि शेजारच्या टेबलापर्यंत गेलं. दोन्ही ठिकाणी 'आवडलं' असाच अर्थ होता.

तिबिलिसी: तमादा

जॉर्जियात बुद्धिबळाला वेगळीच इज्जत आहे. १९७८ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली स्त्री, नोना गाप्रिंदाश्विली, इथली. राजधानीतला बुद्धिबळाचा राजवाडा तिच्या सन्मानार्थ. 'द क्वीन्स गॅम्बिट' या मालिकेत ती कधी पुरुषांशी खेळलीच नाही, असं एक वाक्य होतं. तिनं २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर दावा लावला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. हे मला सांगताना टेबलावरचे चौघे एकदम बोलत होते.

इथे एकत्र जेवणाला 'सुप्रा' म्हणतात आणि त्याचा एक सूत्रधार असतो, तमादा. प्याला कशासाठी उचलायचा, हे तो सांगतो. शांततेसाठी, देशासाठी, गेलेल्यांसाठी, आईबापांसाठी, पाहुण्यांसाठी. प्रत्येक वेळी तो छोटं भाषण करतो, मग बाकीचे त्यात आपली भर घालतात. मधेच एकट्यानं घोट घ्यायचा नाही. म्हणजे अनोळखी माणसानं आपल्या आईबद्दल बोलणं हे इथं कार्यक्रमपत्रिकेतच असतं. आमच्याकडे ज्याला वर्षं लागतात, ते इथं तिसऱ्या प्याल्याला होतं. माझ्या प्याल्यात हिरवंगार तार्हुना सरबत होतं. कुणी भुवई उंचावली नाही.

तमादानं विचारलं, 'तुमचा प्रांत कुठला?' महाराष्ट्र म्हटल्यावर कुणीतरी ओरडलं, 'दिव्या!' नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ च्या जुलैत याच देशात, बातुमीला, कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. पुढचा प्याला नागपूरच्या नावानं. सांगली ते नागपूर रेल्वेनं जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो, हे मी सांगितलं नाही. त्या टेबलावर ते एकच गाव होतं.

तिबिलिसी: ताट

खिंकाली म्हणजे मोदकाच्या आकाराचा, रस भरलेला पदार्थ. शेंडी धरून उचलायचा, बारीक चावा घेऊन आतला रस ओढून घ्यायचा, मग खायचा. शेंडी ताटात ठेवायची. शेवटी शेंड्या मोजल्या की कुणी किती खाल्ले, ते कळतं. मला बटाट्याचे आणि मशरूमचे मिळाले. 'लोबियो' हा राजम्याचा रस्सा, त्याबरोबर 'म्चादी' ही मक्याची भाकरी. अक्रोड वाटून भरलेल्या तळलेल्या वांग्यांचे काप. मसाल्यात मेथीच्या कुळातली एक वनस्पती आणि वर कोथिंबीर. कोथिंबीर पाहिली की मराठी माणसाचा जीव भांड्यात पडतो.

द्राक्षं हा आमचा सामायिक विषय. तिथे आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाइनच्या खुणा मडक्यांत सापडल्यात आणि अजूनही 'क्वेव्री' नावाचे मोठे रांजण जमिनीत पुरून वाइन करतात. मी तासगावच्या बागा आणि बेदाण्यांच्या शेडबद्दल सांगितलं. इतकी द्राक्षं पिकवून आपण ती वाळवतो, याचं त्यांना मनापासून दुःख झालं.

पैसे त्यांनीच दिले. मी पाकीट काढलं तेव्हा तमादानं ते हळूच माझ्या पर्समध्ये परत ठेवलं. त्या रात्री बुद्धिबळाचा पट कुणी काढला नाही. काढावासाही वाटला नाही.

आपली पाळी

या मित्रांतली एक जोडी पुढच्या हिवाळ्यात सांगलीला येते आहे. आता रीत आमची लागणार. ती कशी आहे, हे मी या निमित्तानं नीट बघितलं.

आम्ही पाहुण्याला हॉटेलात नेत नाही, घरी आणतो. हे चांगलंच. पण घरी आल्यावर त्याला एकटा जेवायला बसवतो. फार तर घरातला एखादा पुरुष सोबतीला बसतो, बाकीचे वाढतात. ज्या बाईशी तो खेळतो, जिला भेटायला इतक्या लांबून आला, ती तव्यापाशी असते. तिथून ती 'अजून एक घ्या' म्हणते. तो 'पुरे' म्हणतो. संवाद संपला. आग्रहात माया असते, पण त्यामुळे यजमानीण उभीच राहते. तोक्यो, अदिस, तिबिलिसी, सगळीकडे मला बोलावणारं माणूस माझ्या शेजारी बसून जेवलं होतं. ओळख झाली ती त्यामुळे.

मी आईला सांगितलं, 'मी त्यांच्याबरोबर बसणार.' ती म्हणाली, 'मग वाढणार कोण?' मी म्हटलं, 'भांडी टेबलावर ठेवू. तूही बस.' ती म्हणाली, 'आणि गरम पोळ्या?' या मुद्द्यावर चर्चा अडली. पाहुण्याला गार पोळी वाढणं आमच्या घराण्यात झालेलं नाही.

तोडगा आईनंच काढला. पोळ्या रद्द. आदल्या दिवशी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून ठेवायच्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं, दही आणि पिठलं. कडक भाकरी गारच खातात, तव्यापाशी कुणी उभं राहायला नको. तमादा म्हणून दादाला नेमलंय. तो न सांगताही भाषण करतो, या वेळी रीतसर करेल.